कमिटीत कोण आहे?

गेल्या महिन्यात ऑफिसात माझं प्रमोशन झालं. म्हणजे पगार वाढला नाही, केबिनही मिळाली नाही. मला एका कमिटीत घेतलं.

कमिटीचं नाव झकास होतं, अर्थातच इंग्रजी होतं आणि त्यात ‘इन्क्लुजन’ हा शब्द होता. काम एकच. मुंबईत निघणाऱ्या प्राइड मार्चला आपल्या ऑफिसचा ग्रुप न्यायचा, आणि तो ग्रुप ‘सर्वसमावेशक’ दिसला पाहिजे. ‘दिसला पाहिजे’ हे आमच्या एचआरच्या मॅडमचे शब्द. आम्ही सहा जण. दर गुरुवारी साडेचार वाजता, चौथ्या मजल्यावरची ती फ्रीजसारखी कॉन्फरन्स रूम आणि कँटीनचे गार सामोसे.

पहिली मीटिंग दोन तास चालली. त्यातला दीड तास टी-शर्टवर गेला. पांढरा की काळा? पांढऱ्यावर इंद्रधनुष्य उठून दिसतं, पण घामाचे डाग पडतात. काळ्यात माणूस बारीक दिसतो. (हा मुद्दा मी मांडला. एकमताने मंजूर झाला.) मग स्लोगन, मग सेल्फी पॉइंट, मग बसमध्ये वडापाव द्यायचा की सँडविच. खरं सांगू? मजा आली. चांगल्या कामाला आपला हातभार लागतोय म्हटल्यावर गार सामोसाही गोड लागतो.

त्याच रात्री मी हे सगळं एका मित्राला उत्साहात सांगितलं. हा मित्र गे आहे. मला गेली आठ वर्षं माहितीये, त्याच्या घरी अजून माहीत नाही. तो माझ्या ऑफिसातला आहे की नाही, कुठे राहतो, काय करतो, हे मी इथे सांगणार नाही. का, ते पुढे कळेलच. हा मजकूर छापायला देण्याआधी त्याला वाचायला दिलाय, एवढं सांगते.

त्याने सगळं ऐकून घेतलं. टी-शर्टच्या गोष्टीला हसला. मग म्हणाला, “कमिटीत कोण आहे?”

मी सहाही जणांची डिपार्टमेंट सांगितली.

“तसं नाही गं. आमच्यातलं कोण आहे?”

“असं कसं विचारणार कुणाला?”

“बरोबर. नाहीच विचारता येत. मग सर्वसमावेशक आहे हे कुणी ठरवलं?”

आणि त्याने विषय बदलला. ही त्याची जुनी खोड आहे, काडी टाकायची आणि क्रिकेटवर बोलायला लागायचं.

मला राग आला. आपण एवढं मनापासून करतोय आणि हा उलट आपलीच परीक्षा घेतो! राग आला की काही जण शॉपिंगला जातात, मी वाचते. वाचता वाचता एक भलतंच पुस्तक सापडलं. अमीन घाझियानी नावाचे समाजशास्त्रज्ञ आहेत, त्यांचं ‘द डिव्हिडंड्स ऑफ डिसेंट’, २००८ सालचं. विषय काय, तर अमेरिकेच्या राजधानीत, वॉशिंग्टनला निघालेले समलिंगी हक्कांचे चार राष्ट्रीय मोर्चे. १९७९, १९८७, १९९३ आणि २०००. पण पुस्तकात झेंडे कमी आणि मीटिंगाच जास्त. कशावरून वाजलं, कुठल्या शब्दावर अडलं, कुणाला किती मतं. आणि लेखकाचं म्हणणं असं की ही भांडणं म्हणजे नुसता वेळेचा चुराडा नव्हता. भांडता भांडताच या लोकांना आपण कोण आहोत आणि आपल्याला काय हवंय, हे कळत गेलं.

ज्याने कधी गणेशोत्सव मंडळाच्या मीटिंगला हजेरी लावलीय, त्याला हे पटायला हरकत नाही. पावतीपुस्तकावर कुणाचं नाव, मिरवणुकीत लेझीम पुढे की ढोल पुढे, यावरून भाऊ भावाशी बोलायचा बंद होतो. मूर्ती काय, सगळ्यांनाच आवडते. माझ्या आईने आमच्या सोसायटीच्या मंडळासाठी बावीस वर्षं मोदक केले. कमिटीत तिला एकदाही कुणी घेतलं नाही. हे तेव्हा मला खटकलं नव्हतं, आता लिहिताना खटकतंय.

तर गोष्ट सुरू होते १९७८ मध्ये. न्यूयॉर्कमध्ये १९६९ च्या जूनमध्ये स्टोनवॉल बारवर पोलिसांची धाड पडली, तिथे आलेल्या लोकांनी उलट प्रतिकार केला आणि १९७० पासून अमेरिकेतल्या मोठ्या शहरांत दर जूनमध्ये मोर्चे निघू लागले. पण ते आपापल्या गावचे. सगळ्या देशाचा मिळून एक मोर्चा थेट राजधानीत न्यायचा, ही कल्पना अनेकांच्या डोक्यात होती. त्यासाठी मिनीआपोलिस शहरात एक कमिटी बसली. पुढे काय झालं? आपापसातच अशी जुंपली की ऑक्टोबर १९७८ मध्ये कमिटीने स्वतःलाच बरखास्त केलं. विषय संपला.

संपला नाही. सॅन फ्रान्सिस्कोचे नगरसेवक हार्वी मिल्क, उघडपणे समलिंगी म्हणून निवडून आलेले, यांनी त्याच वर्षी जूनमधल्या भाषणात लोकांना वॉशिंग्टनला जमायची हाक दिली होती. २७ नोव्हेंबर १९७८ ला सिटी हॉलमध्येच त्यांचा खून झाला. त्यानंतर ‘बघू, पुढच्या वर्षी करू’ असं म्हणायची कुणाची हिंमत राहिली नाही.

फेब्रुवारी १९७९. फिलाडेल्फियात देशभरातून सुमारे ३०० कार्यकर्ते जमले. मोर्चा काढायचा की नाही, इथूनच सुरुवात. कारण तेव्हाच्या मोठ्या संस्थांना धास्ती होती. लोक आलेच नाहीत तर? अख्ख्या देशासमोर शोभा. शेवटी काढायचं ठरलं आणि एक राष्ट्रीय समन्वय समिती नेमायचं ठरलं. आणि ती कशी असेल? निम्म्या जागा स्त्रियांच्या. जे गोरे नाहीत, त्यांच्यासाठी किमान वाटा राखीव. पुढची मोठी बैठक न्यूयॉर्कमध्ये नाही, सॅन फ्रान्सिस्कोतही नाही, तर जुलैत टेक्सासमधल्या ह्यूस्टनला.

इथे मी पुस्तक मिटलं आणि चहा केला. आम्ही आधी टी-शर्ट ठरवला होता. त्यांनी आधी खुर्च्या ठरवल्या.

हे काही उदार अंतःकरणाने झालं नव्हतं बरं का. तेव्हाची चळवळ बऱ्यापैकी गोऱ्या पुरुषांची होती. मोर्चे पुरुषांचे, बार पुरुषांचे, भाषणं पुरुषांची. लेस्बियन बायकांनी आणि कृष्णवर्णीयांनी मागून घेतल्या त्या जागा. आणि त्यातून फरक काय पडला, ते मागण्यांच्या यादीत दिसतं. मागण्या पाच होत्या. नागरी हक्कांचा सर्वंकष कायदा, सरकारी नोकरीतला आणि सैन्यातला भेदभाव थांबवणारा राष्ट्राध्यक्षांचा आदेश, समलिंगींच्या विरोधातले सगळे कायदे रद्द, या तीन तर कुणालाही सुचतील. चौथी मागणी होती मुलांच्या ताब्याची. आई लेस्बियन आहे किंवा बाप गे आहे, एवढ्याच कारणाने मूल काढून घेणारी कोर्टं होती. पाचवी, घरात आणि शाळेत छळल्या जाणाऱ्या लहान वयाच्या मुलामुलींची. निव्वळ पुरुषांच्या कमिटीला चौथी मागणी सुचली असती का? मला शंका आहे. सुचलीही असती, पण ‘पुढच्या वेळी घेऊ’मध्ये गेली असती.

नावसुद्धा बघा. ‘नॅशनल मार्च ऑन वॉशिंग्टन फॉर लेस्बियन अँड गे राइट्स’. लेस्बियन आधी.

१४ ऑक्टोबर १९७९ ला मोर्चा निघाला. माणसं किती, याचे अंदाज ७५ हजारांपासून सव्वा लाखापर्यंत आहेत. सगळ्यात पुढे अधिकृत बॅनर धरून चालल्या त्या न्यूयॉर्कच्या ‘साल्सा सोल सिस्टर्स’, कृष्णवर्णीय आणि लॅटिन वंशाच्या लेस्बियन बायकांचा गट. आपल्याकडे वारीत कुठली दिंडी रथापुढे आणि कुठली रथामागे, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. तिथे क्रम कुणी ठरवून दिलेला नव्हता. तो मीटिंगमध्ये बसून ठरवावा लागला.

त्याच आठवड्याच्या शेवटी वॉशिंग्टनमध्येच गोऱ्या नसलेल्या लेस्बियन आणि गे मंडळींची पहिली राष्ट्रीय परिषद भरली होती. ऑड्री लॉर्ड या कवयित्रीचं तिथे मुख्य भाषण झालं. ही मंडळी आपल्या वस्त्यांमधून आणि चायनाटाउनमधून चालत येऊन मोर्चाला मिळाली. म्हणजे राखीव जागा घेतल्या आणि शिवाय स्वतःचं वेगळं छप्परही उभं केलं. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. दुसऱ्याच्या घरी खुर्ची मिळाली म्हणून कुणी आपलं घर विकत नाही.

१९८७ चा मोर्चा वेगळ्याच काळात निघाला. एड्सने माणसं पटापट जात होती आणि सरकार ढिम्म. ११ ऑक्टोबर १९८७ ला एड्स झालेली माणसं पुढच्या फळीत होती, काही व्हीलचेअरवर. नॅशनल मॉल नावाच्या तिथल्या मोठ्या मैदानात एक अवाढव्य गोधडी अंथरली होती. प्रत्येक तुकडा तीन फूट बाय सहा फूट, थडग्याच्या मापाचा. प्रत्येकावर गेलेल्या एका माणसाचं नाव. त्या दिवशी १,९२० तुकडे होते. आमच्या घरी आजीच्या नऊवारीची गोधडी आहे, तीत आत्याचा परकर आहे, काकाचा सदरा आहे. गोधडी हा प्रकार मला कुणी समजावून सांगायला नको.

त्या वर्षीच्या मागण्यांत आणखी एक भानगड होती. अमेरिकेतला वंशवाद आणि दक्षिण आफ्रिकेतला वर्णद्वेष संपवा, अशीही एक मागणी होती. आता ‘आपल्या मोर्चात याचा काय संबंध’, हे वाक्य तुम्हीही कधी तरी ऐकलं असेल. समलिंगी माणूस कृष्णवर्णीयही असू शकतो, तेव्हा त्याने अर्धं दुखणं घरी ठेवून यायचं का, हा त्यावरचा सवाल. आपल्या मुंबईत हाच वाद फार महागात पडला. २०२० मध्ये ऑगस्ट क्रांती मैदानातून निघायच्या मोर्चाला परवानगी मिळाली नाही, नागरिकत्व कायद्याच्या विरोधातल्या आंदोलनांचे ते दिवस होते. मग १ फेब्रुवारीला आझाद मैदानात नुसतं जमायचं ठरलं, तिथे काही जणांनी घोषणा दिल्या आणि ५१ जणांवर राजद्रोहाचा गुन्हा दाखल झाला. आयोजकांनी त्या घोषणांपासून स्वतःला वेगळं केलं. कोण चुकलं, यावर माझ्या ओळखीतल्या दोन जीवलग मैत्रिणी अजून भांडतात. आमच्या मॅडमचं मात्र पहिल्या मीटिंगलाच ठरलंय, ‘नो पॉलिटिक्स प्लीज’. जणू प्राइड मार्च म्हणजे मॅरेथॉन!

१९९३ ची गोष्ट माझी सगळ्यात आवडती, कारण ती एका छोट्याशा शब्दाची आहे. बायसेक्शुअल मंडळी १९८७ च्या मोर्चात पहिल्यांदा देशपातळीवर एक गट म्हणून चालली होती. किती? जेमतेम ७५. पण तिथून त्यांची संघटना बांधली गेली आणि १९९३ च्या मोर्चाच्या नावातच आपला उल्लेख हवा, असा त्यांनी आग्रह धरला. झाला एकदाचा मान्य. पण कसा? ‘लेस्बियन, गे अँड बाय’. पूर्ण ‘बायसेक्शुअल’ नाही, कारण त्यात ‘सेक्शुअल’ येतं आणि ते नावात बरं दिसत नाही, असं काहींना वाटत होतं. वॉशिंग्टनमध्ये लाखो लोक नेमके कशासाठी जमणार होते, असं त्यांना कुणी विचारायला हवं होतं.

आणि ट्रान्सजेंडर? मागण्यांच्या यादीत होते. पहिल्याच मागणीत, नागरी हक्कांच्या कायद्यात त्यांचा उल्लेख होता. नावात मात्र त्यांना घेतलं नाही. म्हणजे जेवणाच्या यादीत नाव आहे, पण लग्नाच्या पत्रिकेत नाही. २५ एप्रिल १९९३ ला मोर्चा निघाला. पार्क पोलीस म्हणाले तीन लाख, आयोजक म्हणाले दहा लाख. आणि त्या सगळ्या गर्दीत काही हजार माणसं अशी असणार, ज्यांनी वर बॅनरकडे बघितलं आणि स्वतःला शोधलं.

या बायका-पुरुषांना मी नावं ठेवत नाहीये. उलट त्यांच्याकडे निदान भांडायला जागा होती. कमिटी होती, मतदान होतं, हरलेल्याला पुढच्या बैठकीला परत येता येत होतं. २००० साली तेही गेलं. १९९८ च्या सुरुवातीला ह्यूमन राइट्स कॅम्पेन ही बडी संस्था आणि मेट्रोपॉलिटन कम्युनिटी चर्चेस या दोघांनी मिळून जाहीरच करून टाकलं, मोर्चा काढतोय, या. आधी बैठका नाहीत, गावोगावचे प्रतिनिधी नाहीत. लोक खवळले. ‘आम्हाला उघड प्रक्रिया हवी’ म्हणत विरोधकांनी चक्क वेगळी कमिटी स्थापन केली. पुढे संचालक मंडळात वेगवेगळ्या गटांचे लोक घेतले गेले, दिसायला मंडळ छान सर्वसमावेशक झालं. पण निर्णय तर आधीच झालेला होता. ३० एप्रिल २००० ला मोर्चा निघाला, प्रायोजक होते, सोबत मोठा महोत्सव होता, आणि नंतर त्या महोत्सवाचे पैसे गहाळ झाले म्हणून चौकशी थेट एफबीआयकडे गेली.

हे वाचताना मला आमची कॉन्फरन्स रूम दिसत होती. सहा जण. तीन बाया, तीन पुरुष. एक तमिळ, एक गुजराती, एक ईशान्येकडची मुलगी. फोटोत आम्ही खरंच झकास दिसतो.

पण १९७९ ची युक्ती आमच्याकडे चालत नाही, ही खरी अडचण. निम्म्या जागा स्त्रियांना देता येतात, कारण स्त्री कोण ते विचारावं लागत नाही. आमच्या ऑफिसात साडेचारशे माणसं. त्यात गे किती, लेस्बियन किती, कुणाला माहीत? एकही जण उघडपणे बोललेला नाही. म्हणजे राखीव जागा ठेवायची, तर आधी कुणी तरी उठून ‘ती जागा माझी’ म्हणायला हवं. आणि तसं म्हणायची सोय असती, तर मुळात कमिटीची एवढी गरजच पडली नसती. पुढे आला नाही तर कमिटीत नाही, आणि कमिटीत नाही म्हणून पुढे यावंसं वाटत नाही. कोंबडी आधी की अंडं?

हे मी मित्राला फोन करून सांगितलं. मला वाटलं, तो खूश होईल, एवढा अभ्यास केला म्हणून. तो म्हणाला, “अगं, दिल्लीवाल्यांनी काय केलं माहितीये का?”

मला माहीत नव्हतं. आपल्याकडे हे मोर्चे एका राष्ट्रीय कमिटीच्या हुकमाने सुरू झाले नाहीत, शहराशहरातून उगवले. कोलकात्यात २ जुलै १९९९ ला पहिल्यांदा चालले ते अवघे १५ जण. मग २००८ मध्ये २९ जूनला दिल्ली, बंगळूर आणि कोलकाता अशा तिन्ही शहरांत एकाच दिवशी मोर्चे निघाले. आणि त्याच वर्षी १६ ऑगस्टला, स्वातंत्र्यदिनाच्या दुसऱ्या दिवशी, आपल्या मुंबईत ऑगस्ट क्रांती मैदान ते गिरगाव चौपाटी. नाव ‘क्विअर आझादी’. ३७७ कलम ब्रिटिशांनी आणलं होतं, तेव्हा माफी ब्रिटिश सरकारने मागावी, अशी त्यांची मागणी होती. (काय डोकं आहे!) हे कलम तेव्हा लागू होतं. सप्टेंबर २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रौढांच्या संमतीने असलेले संबंध त्यातून बाहेर काढले, त्याला अजून दहा वर्षं होती.

तर दिल्लीच्या त्या पहिल्या मोर्चात इंद्रधनुषी मुखवटे वाटले होते. ज्याला चेहरा दाखवायचाय त्याने दाखवा, ज्याला नाही त्याने मुखवटा घाला आणि चाला.

“तेव्हा कुणी तरी बसून हा विचार केला असणार ना,” मित्र म्हणाला, “की घरी न सांगितलेला माणूस कसा येईल. तुमच्या सेल्फी पॉइंटवर मी कसा येऊ, सांग.”

मी काहीच बोलले नाही. मग त्याने बुमराच्या पाठीबद्दल चौकशी केली.

पुढच्या गुरुवारी मी मीटिंगला बुटांचा एक रिकामा खोका घेऊन गेले. वर फट पाडलेला. म्हटलं, हा आठवडाभर पँट्रीत ठेवू या, जिथे कॅमेरा नाही त्या कोपऱ्यात. नाव नको, डिपार्टमेंट नको, मार्चबद्दल ज्याला जे वाटतं ते त्याने लिहावं. फायनान्सचा एक जण म्हणाला, चॉकलेटची कागदं टाकतील लोक. मॅडम म्हणाल्या, ठेवून तर बघू.

चॉकलेटची कागदं निघालीच. त्याशिवाय आठ चिठ्ठ्या निघाल्या. आठातली एकही साध्या हस्ताक्षरात नव्हती. चार प्रिंट काढलेल्या. दोन मोठ्या कॅपिटल अक्षरांत. एक बहुधा डाव्या हाताने लिहिलेली, अक्षरं शाळेतल्या मुलासारखी. एक कोराच कागद, नीट चार घड्या घातलेला. माणसं आपलं अक्षरसुद्धा लपवत होती आणि आम्ही सेल्फी पॉइंटचं बॅकड्रॉप निवडत होतो.

एका चिठ्ठीत होतं, फोटो काढून ऑफिसच्या पेजवर टाकणार असाल तर मी येणार नाही. दुसरीत, टी-शर्टवर कंपनीचं नाव नको, बातम्यांत दिसलो तर बाबा ओळखतील. तिसरीत, एका तरी मजल्यावर असं एक टॉयलेट द्या ज्याच्या दारावर बाई किंवा पुरुषाचं चित्र नसेल. डाव्या हाताच्या चिठ्ठीत एकच ओळ होती. मेडिक्लेमच्या फॉर्मवर पार्टनरचं नाव लिहायला जागा करा, मोर्चाला नंतर येऊ. आणि एका कॅपिटलवालीने विचारलं होतं, हाउसकीपिंगच्या लोकांना या मार्चचं कुणी सांगितलंय का, की ते फक्त नंतर हॉल झाडायला?

तसं आम्ही सांगितलं नव्हतं. ते कंत्राटदाराचे कर्मचारी असल्यामुळे त्यांना ऑफिसची मेल जात नाही. हे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

मॅडमनी सगळ्या चिठ्ठ्या दोनदा वाचल्या. मला वाटलं होतं, त्या वैतागतील. त्या म्हणाल्या, “मेडिक्लेमचं माझ्या हातात नाहीये. पण वर पाठवते.” मग थोडं थांबून, “टॉयलेटचं आहे.” आणि टी-शर्टच्या ऑर्डरचा कागद त्यांनी फाइलमध्ये मागे सरकवला. फायनान्सवाला म्हणाला, पण अॅडव्हान्स दिलाय. त्यावर वीस मिनिटं गेली, आवाज चढले, एक जण उठून बाहेर जाऊन आला. शेवटी पाच विरुद्ध एक मतांनी ठरलं, कंपनीचं नाव छापायचं नाही, अॅडव्हान्स बुडाला तर बुडू दे. विरोधातलं एक मत फायनान्सचं. ते आम्ही इतिवृत्तात लिहून ठेवलंय. आमच्या कमिटीचं हे पहिलं इतिवृत्त.

फोटोंचं असं ठरलं की ऑफिसकडून कुणीही फोटो काढणार नाही. ज्यांना स्वतःचा काढायचाय त्यांनी काढावा, पण मागे दुसऱ्याचा चेहरा येता कामा नये. सेल्फी पॉइंटचे पैसे वाचले, त्यात बसची एक जादा फेरी बसते. हाउसकीपिंगवाल्यांना सांगायचं काम मी घेतलंय. पहिल्याच मावशींनी विचारलं, त्या दिवसाचा खाडा धरणार का? ते अजून वर विचारायचंय. मेडिक्लेमचं उत्तर आलेलं नाही. खोका पँट्रीतच आहे.

हे सगळं मी मित्राला लांबलचक मेसेज करून कळवलं. बराच वेळ दोन निळ्या टिका दिसत होत्या आणि उत्तर नव्हतं. मी झोपायच्या बेतात असताना आलं.

“मुखवटे मिळतील का? दोन लागतील.”

दुसरा कुणाचा, ते मी विचारलेलं नाही.